क्रमांक अकराची डावी मांडी

मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी क्रमांक अकराच्या डाव्या मांडीच्या कातडीत चौथ्यांदा सुई टोचली गेली. सिरिंजमध्ये त्याच्याच रक्तापासून वाढवलेल्या एक कोटी पेशी होत्या. गुरुवारी अकरा वाजता कॅमेऱ्याने त्या मांडीचा फोटो काढला, तेव्हा त्या सगळ्या टोचल्या जागीच होत्या. जांघेपर्यंत एकही पोचली नव्हती.

फोटो सर्वांत आधी पाहिला तो पेशी वाढवणाऱ्या टेक्निशियनने. सतरा वर्षं ती त्या प्रयोगशाळेत होती. तिला सगळे लेबलबाई म्हणत, तोंडावरसुद्धा. कारण सतरा वर्षांत तिच्या हातून एकही लेबल चुकीचं लागलं नव्हतं. कुपीवरचं अक्षर, यादीतलं अक्षर आणि पेटीवरचं अक्षर ती मोठ्याने वाचून जुळवायची, आजूबाजूला कोणी नसलं तरी. नवीन आलेले हसायचे. महिन्याभरात तेही वाचू लागायचे.

क्रमांक अकरा तिचा धाकटा भाऊ होता. हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. खरं तर तिलाही ठाऊक असायला नको होतं. पेशी वाढवणाऱ्याकडे रुग्णाचा फक्त आकडा जायचा, नाव नाही, फाइल नाही. पण धाकट्याने आधल्या संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं, “ताई, उद्या माझं रक्त काढणारेत,” आणि दुसऱ्या दिवशी रक्ताची एकच पिशवी आली. बेरीज करायला काही अक्कल लागत नाही. नात्यातलं कोणी या नव्या उपचाराच्या अभ्यासात रुग्ण म्हणून आलं तर लगेच कळवावं, अशा कागदावर तिची सही होती. तिने कळवलं नाही. कळवलं असतं तर पिशवी दुसऱ्याच्या हातात गेली असती, आणि दुसऱ्यांचे हात तिने पाहिलेले होते.

कातडीत काही पेशी पहाऱ्यावर असतात. झाडाला असाव्यात तशा त्यांना फांद्या असतात. परकं काही घुसलं की त्या त्याचा तुकडा उचलतात, फांद्या आवरतात, जागा सोडतात आणि लसिकेच्या बारीक नळ्यांतून, म्हणजे रक्ताखेरीज शरीरात जो पाणीदार रस वाहतो त्यातून, जवळच्या ग्रंथीपर्यंत जातात. लढणाऱ्या पेशी त्या ग्रंथीत बसलेल्या असतात. त्यांना तुकडा दाखवायचा, इतकंच यांचं काम. ते झालं नाही तर लढाईला सुरुवातच होत नाही. अभ्यासात हेच हाताने केलं जात होतं. कातडीच्या काळ्या कर्करोगाच्या रुग्णाच्या रक्तातून अशा पेशी वाढवायच्या, त्यांच्या हाती त्याच्याच रोगाचा तुकडा द्यायचा आणि त्यांना परत कातडीत सोडायचं. शंभरातल्या चार पोचल्या तरी अभ्यासाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, खूश व्हायचे.

अकराच्या पोचल्या शून्य. एका रुग्णासाठी सहा कुप्या तयार व्हायच्या. चौथ्या मात्रेतल्या काही पेशींना खूण लावून त्या किती पोचल्या ते कॅमेऱ्याने मोजायचं, आणि एकही पोचली नाही तर उपचार थांबवून उरलेल्या दोन कुप्या नष्ट करायच्या, असा नियम होता. निर्णयाची बैठक सोमवारी होती. धाकट्याच्या दोन कुप्या नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेल्या होत्या, तिसऱ्या खणात. त्याच्यापाशी दुसरा उपाय नव्हता. जे होते ते करून झाले होते.

मोठे सर फोटो बघून म्हणाले, “पेशी आळशी निघाल्या तुमच्या.”

“सर, सोडायच्या आधी मी चालवून बघितल्या. डिशमध्ये सरळ पळत होत्या.”

“डिशमध्ये काय, कोणीही पळतं.” त्यांनी फोटो परत केला. “रुग्णच कमजोर असेल. काही रक्तं अशीच असतात. सोमवारी बंद करू.”

ती फोटो घेऊन वळली. क्रमांक अकरा कमजोर नाही, आजार कळेपर्यंत चाळीस किलोची फरशीची पेटी खांद्यावर घेऊन तीन मजले चढायचा, हे तिला कुठून कळलं असणार होतं?

घोडं कुठे पेंड खातंय ते शोधण्यात तिचा सगळा दिवस गेला. द्रव तपासले, तापमानाच्या नोंदी तपासल्या, खूण लावायच्या औषधाची तारीख तपासली. सगळं चोख होतं. स्वतःच्या कामात चूक न सापडल्याचं दुःख तिला त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

संध्याकाळी सहाला ती धाकट्याकडे गेली. तो पुढच्या खोलीत, डावा पाय स्टुलावर टाकून बसला होता. पायात त्याची नेहमीची पँट जाईना, म्हणून भावजयीने एक जुनी पँट डाव्या बाजूने उसवून दिली होती.

“या, डॉक्टरीणबाई,” धाकटा म्हणाला. “काय म्हणतात माझे शिपाई?”

“मी डॉक्टरीण नाही. आणि तुझे शिपाई कोणते ते मला माहीत नसतं.”

“हो, हो. मी आकडा आहे. विसरलोच.” तो भावजयीकडे वळला. “हिला चहा दे. आकड्याकडून आहे म्हणावं.”

“सरळ बोला ना जरा,” भावजय म्हणाली. “ताई, दिवसभर हेच चाललंय. मघाशी पाय बघून म्हणतात, हा कापून दे, उशी म्हणून वापरू.”

“बघ तरी किती मऊ झालाय.” त्याने पिंडरीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. धाकटा वीस वर्षं फरश्या बसवत होता आणि जगातली कुठलीही गोष्ट त्याला शेवटी न्हाणीघरासारखी दिसायची. “आपण न्हाणीघराची फरशी करतो ना, सगळा उतार जाळीकडे द्यायचा असतो. पाणी कुठेही सांडू दे, आपोआप जाळीत जातं. आता यांनी माझ्या या पायाची जाळीच काढून टाकली. जांघेतल्या सगळ्या गाठी काढल्या, अठराच्या अठरा. मग पाणी जाणार कुठे? बसलंय इथेच तुंबून.”

तिच्या हातातला कप वाटेतच थांबला.

टाचेवरचा काळा डाग म्हणजे फरशीचा कोपरा लागून साकळलेलं रक्त, असं समजून धाकट्याने सात महिने काढले होते. मग डाग काढला. मग रोग जांघेतल्या ग्रंथींत सापडला, म्हणून त्याही काढल्या. हे सगळं दुसऱ्या रुग्णालयात झालं. ऑपरेशननंतर नऊ दिवस जांघेतून एक नळी बाहेर आलेली होती आणि नळीला बाटली होती. ती बाटली रोज सकाळी तिनेच रिकामी केली होती. मिलिलिटर एका वहीत लिहून ठेवले होते, तारखेसह. वहीच्या वर तिच्याच अक्षरात होतं: डावी जांघ.

आणि प्रयोगशाळेत बसून, त्याच हाताने, तिने चार वेळा लेबल लावलं होतं: क्रमांक अकरा, डावी मांडी.

डाव्या मांडीतून निघालेल्या पेशी डाव्या जांघेत जातात. तिथे आता काहीच नव्हतं. चार कोटी पेशी पुरावा घेऊन निघाल्या होत्या आणि ज्या कचेरीत तो द्यायचा तीच पाडून टाकलेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. तिने तर वळसा घालताना कळसाही मोजून ठेवला होता.

“ताई, चहा गार झाला. परत करू का?” भावजयीने दुसऱ्यांदा विचारलं.

“सुई देताना,” ती धाकट्याला म्हणाली, “तू कोणाला सांगितलं होतंस का? याच पायाचं ऑपरेशन झालंय म्हणून?”

“पहिल्याच दिवशी. सिस्टरना विचारलं, याच पायाला देताय, चालेल ना? त्या म्हणाल्या, ऑपरेशन जांघेत झालंय, मी मांडीत देतेय.” त्याने मान वर केली. “का? चालत नाही?”

“बघते,” ती म्हणाली.

“मला का नाही विचारलंस?” हे तिने दारापाशी, चपला घालताना विचारलं.

“तुझ्या कामात कोण नाक खुपसणार? तूच म्हणायचीस ना, माझ्या लेबलात चूक निघत नाही.”

शुक्रवारी सकाळी आठला ती सुई देण्याच्या खोलीत गेली. खोली लहान होती. पलंग उजव्या भिंतीला चिकटवलेला, कारण डाव्या बाजूला औषधांचा फ्रिज आणि सिस्टरचं टेबल. उताण्या झोपलेल्या माणसाची डावी मांडी सिस्टरच्या हाताशी यायची, उजवी भिंतीकडे. सिस्टर पंचावन्न वर्षांची, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, कोणाच्या बापाला न भिणारी बाई. दोघी रोज जेवणाच्या सुट्टीत एकत्र बसत.

“सगळ्यांना डाव्याच मांडीला देतेस?”

“सगळ्यांना. का गं?”

“कोणाच्या डाव्या जांघेतल्या ग्रंथी काढलेल्या असल्या तर?”

सिस्टरने ट्रे पुसायचं थांबवलं. “कोणाच्या?”

“समज, असल्या तर.”

“समज कशाला? सकाळी आठला इथे येऊन समज-समज खेळायला तू काही लहान नाहीस.” तिने टेबलावरचा फॉर्म उचलून पुढे धरला. “वाच. काय छापलंय? डावी मांडी. सिरिंजवर काय असतं? डावी मांडी. सिरिंजवरचं लेबल कोणाचं? तुझं. मी वाचते आणि टोचते. मला फाइल दाखवतं कोण?”

“आधीच्या फॉर्मवर रिकामा चौकोन होता. बाजू लिहायला.”

“होता. तो काढायला कोणी लावला?”

तिने फॉर्म हातात घेतला.

“विसरलीस? मी सांगते. तूच. बैठकीत उठून म्हणालीस, डॉक्टरांच्या अक्षरात डावं-उजवं कळत नाही, एक दिवस घोटाळा होईल, त्यापेक्षा एकच बाजू छापून टाका. मोठ्या सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या सगळ्यांना. मीही वाजवल्या, म्हटलं बरं झालं, पलंग ओढायला नको.”

खरं होतं. अभ्यासाच्या तिसऱ्या महिन्यात एक सिरिंज परत आली होती, डॉक्टरांचं अक्षर लागेना म्हणून. ती मात्रा वीस मिनिटं उशिरा दिली गेली आणि लेबलबाईला दोन रात्री झोप लागली नाही. मग तिने ती सूचना केली. पहिल्या दहा रुग्णांचा रोग कंबरेच्या वर होता. कोणाचा पाठीवर, कोणाचा दंडावर, एकाचा कानामागे. त्यांना डावी काय आणि उजवी काय, दोन्ही सारख्या. पायाचा रोग घेऊन आलेला पहिला माणूस क्रमांक अकरा.

“कोण आहे गं तो अकरा?” सिस्टरने हळू विचारलं. या वेळी आवाजात टोमणा नव्हता.

“कोणी का असेना,” ती म्हणाली आणि बाहेर पडली.

तिच्यापुढे सोमवारपर्यंतचा वेळ होता आणि रस्ते दोन. गप्प राहिली तर कुप्या नष्ट होणार, नोकरी राहणार, आणि अहवालात लिहिलं जाणार की क्रमांक अकराच्या पेशी आळशी होत्या. बोलली तर पहिला प्रश्न हाच येणार, की तुम्हाला कसं कळलं? तिने मधली वाट काढून बघितली. दुपारी मोठ्या सरांच्या दारात उभी राहून म्हणाली, “सर, बंद करण्याआधी अकराची फाइल एकदा कोणीतरी बघावी. ग्रंथी कुठल्या बाजूच्या काढल्यात ते.”

“फाइल मी बघितली आहे. सुरुवातीलाच.”

“परत एकदा.”

मोठे सर वाईट माणूस नव्हते. फक्त एकदा सही केली की ती गोष्ट त्यांच्या दृष्टीने घडून गेलेली असायची. ते चष्म्यावरून बघत राहिले. “ग्रंथी काढल्यात हे तुम्हाला कसं माहीत?”

ती म्हणाली, “तो माझा भाऊ आहे.”

त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं. कपाटातून फाइल काढली. सातव्या पानावर ऑपरेशनची नोंद होती, दुसऱ्या रुग्णालयाच्या शिक्क्यासह: डाव्या जांघेतील सर्व लसिकाग्रंथी काढल्या, संख्या अठरा. पानाच्या खाली तपासल्याची सही होती, मोठ्या सरांची. ते पान त्यांनी दोनदा वाचलं. मग फाइल मिटली आणि तिच्यावर हात ठेवला, जणू ती उडून जाईल.

“तुम्ही नियम मोडलात.”

“हो.”

“चार महिने तुम्ही स्वतःच्या भावाच्या पेशी हाताळत होतात आणि गप्प होतात.”

“हो. सर, दोन कुप्या आहेत. उजव्या मांडीत दिल्या तर पोचतील. उजव्या जांघेतल्या ग्रंथी शाबूत आहेत.”

“तुम्हाला कळतंय का, आता हे माझ्या हातात राहिलं नाही? रुग्ण तुमचा नातलग, मात्रा तुमच्या हातच्या, मोजणी तुमची. अकराचा एक आकडा तरी धरता येईल का? मला सगळं अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीकडे पाठवावं लागेल.”

“आणि सातवं पान?”

त्यांनी फाइलवरचा हात काढला. “तेही पाठवेन,” म्हणाले.

सोमवारी सकाळी दहाच्या बैठकीत तिला बोलावलं नाही. साडेअकराला पत्र हातात आलं. त्यात तीन गोष्टी होत्या. तिला प्रयोगशाळेच्या कामातून चौकशी होईपर्यंत दूर केलं होतं. क्रमांक अकराला अभ्यासातून वगळलं होतं. उरलेल्या दोन कुप्या अभ्यासाची मालमत्ता असल्याने समितीचा निर्णय होईपर्यंत त्या वापरू नयेत आणि नष्टही करू नयेत, असं म्हटलं होतं. सातव्या पानाबद्दल त्यात ओळ नव्हती. फॉर्मबद्दल होती: छापील बाजू टेक्निशियनच्या सूचनेवरून घातली गेली होती.

सिस्टर जिन्यापाशी भेटली. “मी मघाशीच पलंग ओढला,” ती म्हणाली. “भिंतीपासून चांगला दोन हात. आता दोन्हीकडून जाता येतं.” आणि मग तिचेच डोळे भरले, म्हणून ती रागावली. “जा ना आता, बघतेस काय.”

धाकट्याला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. सगळं, क्रमाने, फॉर्मच्या चौकोनासकट. भावजय मध्येच उठून आत गेली आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला, गरजेपेक्षा मोठा.

धाकट्याने स्टुलावरचा पाय खाली घेतला.

“चारही?”

“चारही.”

“आणि माझ्या पेशी चांगल्या होत्या.”

“उत्तम होत्या. अशा मी कमी बघितल्यात.”

“बिचाऱ्या,” तो म्हणाला. तिला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. “ताई, माझ्या हातून एखादी खोली चुकते. उतार उलटा जातो. मग मी काय करतो? उखडतो आणि परत बसवतो. त्याच दिवशी. आमच्यात समिती नसते.”

“मी समितीला अर्ज लिहिलाय, त्या दोन कुप्या तुला उजव्या मांडीत द्याव्यात म्हणून. तुझ्या नावाने लिहिलाय. तुझी सही हवी.”

“आता नाव चालतं का माझं?” त्याने कागद घेतला, मांडीवर ठेवला, डाव्या, मग उचलून उजव्या मांडीवर ठेवला आणि सही केली. “तू गप्प राहिली असतीस तर?”

“तर कुप्या आज सकाळी गेल्या असत्या.”

“आणि तू रक्त आलं त्या दिवशीच बोलली असतीस तर?”

याचं उत्तर तिने शुक्रवारपासून शंभरदा शोधलं होतं. बोलली असती तर दुसऱ्या कोणी लेबल लावलं असतं. त्यानेही डावीच छापली असती. कारण फॉर्मवर तेच होतं. पण मग जांघेची बाटली आणि मांडीचं लेबल एकाच बाईच्या हातात आली नसती, आणि ती बाहेरून ओरडायला मोकळी असती. किंवा तिला कधी कळलंच नसतं. दोन्ही शक्य होतं.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

“खरं बोललीस,” धाकटा म्हणाला. त्याने कागद परत दिला आणि तोंड भिंतीकडे केलं. आतून भावजय म्हणाली, “ताई, दार ओढून घ्या जाताना.” एरवी ती दारापर्यंत सोडायला यायची.

समितीची बैठक पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला ठरली होती. दोन सदस्य येऊ शकले नाहीत, म्हणून ती सतरावर गेली. बारा तारखेला धाकट्याच्या छातीचा फोटो निघाला. उजव्या फुप्फुसात दोन ठिपके आहेत, प्रत्येकी चार मिलिमीटर. ते कसले आहेत हे सहा आठवड्यांनी परत फोटो काढल्याशिवाय सांगता येणार नाही, असा शेरा आहे. सतराच्या बैठकीत अर्ज वाचला गेला आणि कायदेशीर सल्ल्यासाठी राखून ठेवला गेला.

लेबलबाई रोज साडेनऊला सिस्टरला फोन करते. सिस्टर जिना उतरून जाते, टाकीवरची नोंद वाचते आणि सांगते. आज सकाळची नोंद अशी: नायट्रोजन भरला आठ वाजून पाच मिनिटांनी, तिसरा खण, क्रमांक अकरा, कुप्या दोन. सही लेबलबाईच्या जागी आलेल्या टेक्निशियनची. सिस्टरने ती नोंद, कोणी न सांगता, मोठ्याने दोनदा वाचली. समितीची पुढची तारीख अजून कळलेली नाही.